अंगणातली बाई

एका गावाच्या कॉम्प्युटर गेममध्ये मी एक अंगण जोडलं आहे. दुसऱ्याने बनवलेल्या गेममध्ये आपण अशी भर घातली की तिला मॉड म्हणतात. माझ्या अंगणात एक बाई खाटेवर कुरडया वाळत घालते आणि कोणी जवळ आलं की आत जाऊन कडी लावते.

आज तो मॉड सगळ्यांसाठी खुला करायचा होता. त्याआधी दादाला तपासायला दिला.

"अगं, ही बिघडलीय. मी गेलो की पळते."

"बिघडली नाही. घाबरते."

"कुरडया उघड्यावर टाकून? आपली आई फोन वाजला तरी वाळवणापासून हलत नाही!" मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "बेल वाजली की तू आत जातेस, तशी का?"

मला वाटलं होतं, मी एक बाई रचली. उत्तर येत असूनही वर्गात हात वर न करणारी मुलगी तिच्या रूपाने बाहेर निघाली आहे, हे मला दिसलंच नव्हतं. आपण हाताने जे करतो त्यात नकळत शिरतो, आणि मग ते झाकता येत नाही. तिला धीट करायला प्रोग्राममधली एकच ओळ बदलायची होती. पण मग ती मला परकी झाली असती.

ती ओळ तशीच ठेवून मी मॉड खुला करायचं बटण दाबलं. थोड्या वेळाने कळलं, एकाने मॉड डाउनलोड केला आहे. आता कुठल्यातरी घरातून कोणीतरी तिच्या अंगणाकडे चालत येत असेल, आणि ती कडी लावेपर्यंत त्याने तिला पाहिलेलं असेल.