सुप्रियाची वाढ

मंडळी, आपल्या ई-मेल गटावर मी एरवी गमतीजमती लिहिते. आज तसं सुचत नाहीये.

शाळकरी मुलींची उंची वरचेवर मोजायची आणि त्यावरून प्रत्येकीची उंची कधी झपाट्याने वाढेल याचा अंदाज बांधायचा, हे माझं काम. त्यातली शहाडची सुप्रिया सातवीत असताना तापाने गेली. तिच्या आईने मला विचारलेलं, "ताई, ती अजून किती वाढली असती?" मी आधीच्या मोजमापांवरून पुढच्या वर्षांचा आलेख काढून दिला. म्हटलं, तेवढंच समाधान.

बऱ्याच वर्षांनी आज दुपारी त्यांच्याकडे गेलेले. दाराच्या चौकटीवर उंचीच्या खुणा होत्या, सुप्रिया गेल्यानंतरच्याही. खुंटीवर वयात आलेल्या मुलीच्या मापाचा कोरा पंजाबी ड्रेस.

"आधीचा तोकडा व्हायला लागलेला," आई सहज म्हणाली.

मग चहा देताना तिने हळूच विचारलं, "ताई, तुमच्या कागदावरची रेघ आता आडवी झालेय. म्हणजे वाढ थांबली ना तिची?"

मी हो म्हटलं.

"मग आता स्थळं बघायला हरकत नाही."

चहा तसाच ठेवून निघाले. तुम्ही काय बोलला असता?