बनुबाईंचा गुळाचा नवस

आमच्या केडगावच्या गल्लीत बनुबाईंच्या दारात उभं राहिलं की त्या "या, बसा" म्हणत नाहीत. "खा" म्हणतात. उपास आहे म्हटलं तर, "मग शेंगदान्याचा लाडू खा." आत्ताच जेवले म्हटलं तर, "मग थोडंच खा." स्वतः मात्र चिपाडासारख्या. सगळ्यांची जेवणं आटोपली की चुलीपाशी बसून उरलंसुरलं तोंडात टाकायचं, ही त्यांची जेवायची रीत. गॅस आला तरी त्या कोपऱ्याला त्या चूलच म्हणतात.

बाहत्तरच्या दुष्काळात त्या पोरसवदा होत्या. माहेर शेवगावच्या पलीकडे. सगळं घर खडी फोडायच्या कामावर, आणि सरकारी सुकडी मिळेल त्या दिवशी जेवण. धाकटा भाऊ त्याच साली गेला. "भाकर मागत गेला वं," एवढंच सांगतात आणि विषय बदलतात. त्यामुळे त्यांच्या वाढण्याला नाव ठेवायला जीभ रेटत नाही.

पण त्यांच्या नातीचं, चौथीतल्या सृष्टीचं, जे चाललं होतं ते मला बघवत नव्हतं. बनुबाईंचा मुलगा कल्याण नागापूरच्या एमआयडीसीत पाळीला जातो, सून आरती पतसंस्थेत. दिवसभर पोर आजीपाशी. सृष्टी दिवस भरायच्या आधीच झाली होती. तळहातावर मावेल एवढी, किती तरी दिवस काचेच्या पेटीत. तेव्हा बनुबाईंनी माहेरच्या देवीला शब्द दिला, "पोर जगू दे, दर साली तिच्या भारोभार गूळ वाटीन." देवीनं ऐकलं. त्यानंतर बनुबाईंनी कुणाचंच ऐकलं नाही.

एका संध्याकाळी मी प्रसादाचा शिरा द्यायला गेले. सृष्टी सोफ्यावर, हातात मोबाईल. समोर आजी तूपसाखर लावलेल्या पोळीचे घास घेऊन बसलेली. नुसती पोळी पोर खात नाही म्हणून वर दुकानातल्या कुरकुरीत पुडीचा चुरा. डोळे मोबाईलवर, तोंड आपोआप उघडायचं, घास आत, वर नारिंगी बाटलीतला घोट. काय खाल्लं ते नातीला ठाऊक नाही, किती खाल्लं ते आजीला ठाऊक नाही. बोटांवरून तूप ओघळत कोपरापर्यंत आलेलं. मी वाटी तशीच पदराखाली धरून माघारी फिरले. माझ्याच हातातल्या शिऱ्याची मला शिसारी आली.

त्याहून वाईट येणारेजाणारे. बनुबाईंचा पुतण्या रंगनाथ आला की आधी पोरीचा गाल चिमटीत धरणार. "काय भोपळ्या! आज काय काय हाणलं?" गालावर बोटांचे लाल वळ उठायचे. पोर हसायची, कारण सगळे हसत असायचे. मग तोच रंगनाथ पिशवीतून पेढ्यांचा बॉक्स काढणार. आधी भोपळा म्हणायचं आणि मग खायला घालायचं. या तऱ्हेला लाड म्हणतात आमच्याकडे.

मग तिच्या मानेवर काळी पट्टी दिसायला लागली. बनुबाईंना वाटलं, मळ. रोज आंघोळीला पाय घासायच्या वजरीनं मान घासायच्या. पोर ओरडायची ते माझ्या ओट्यावर ऐकू यायचं. कातडी सोलवटली, काळं काही जाईना. शाळेतल्या मुली तिला "बिनआंघोळीची" म्हणायला लागल्या. शेवटी आरतीनं तिला दवाखान्यात नेलं. कल्याणची पाळी होती म्हणून सोबत मी गेले.

डॉक्टरबाईंनी मान पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे कुणी घासलं? हा मळ नाही. अंगात चरबी फार साठली की शरीर इन्शुलिनला दाद देईनासं होतं, मग ते जास्तच तयार होतं. त्याची ही खूण. आत्ता जपलं तर पुढचा साखरेचा आजार टळू शकतो."

"मग हिचा भात बंद करू? रात्रीचं जेवण?" आरतीनं विचारलं.

"वाढतं पोर आहे, उपाशी ठेवायचं नाही. हिचं एकटीचं नाही, अख्ख्या घराचं ताट बदला. बाटल्या, पुड्या उंबऱ्याच्या आत आणूच नका. जेवताना मोबाईल नको. वेळेवर झोप, रोज खेळ. आणि हिला कुणीही जाड म्हणायचं नाही." मग त्या सृष्टीकडे वळल्या. "तुला काय खेळायला आवडतं?"

"लंगडी," ती म्हणाली. "पण मला कोणी घेत नाही."

घरी आल्यावर बनुबाईंनी हे सगळं एका फटक्यात उडवून लावलं. "काचंतून काढलीया मी तिला. पुन्हा काचंत घालू व्हय? अंगावर मांस हाय म्हून जगली पोर!"

अशातच चैत्रातली जत्रा आली, म्हणजे गूळतुला. या वेळी सृष्टीनं साफ सांगितलं, "मी पारड्यात बसणार नाही." मागच्या वर्षी कुणीतरी तिचा व्हिडिओ काढला होता. तो फिरत फिरत तिच्या शाळेतल्या मुलींपर्यंत गेला होता.

आरती माझ्याकडे आली. "काकू, त्या तुमचं ऐकतील. तुम्ही देवाधर्माच्या."

मी बनुबाईंना म्हटलं, "अहो, देवीला भाव लागतो. ढेपा मोजत बसते का ती?"

"पोरी, शब्द मी दिलाय," त्या म्हणाल्या. "तो मोडला आन् देवीनं पोर माघारी मागितली, तर तू आणून देशील व्हय?"

देवाला दिलेला शब्द मीही मोडला नसता. जत्रेच्या दिवशी त्यांच्या माहेरी निघालेल्या जीपमध्ये सृष्टीच्या आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

देवळापुढच्या लिंबाला अडतीवरचा मोठा तराजू टांगला होता. एका बाजूला जमिनीवर ढेपांची चळत, तिच्यावर माश्या. गुळाचा वास उन्हात आंबट झालेला. माणसं आधीच गोळा झाली होती, आणि मोबाईलही. रंगनाथ बाह्या सारून उभा. "यंदा टेम्पोच आणायला पायजे हुता!" बायका तोंडाला पदर लावून खिदळत होत्या. एकीनं ढेपेचा तुकडा आधीच मोडून तोंडात टाकला होता, आणि ओठ चाटत ती पोरीच्या मांड्यांकडे बघत होती. देवळात इतकी घाण मी उष्ट्या पत्रावळींचीही पाहिली नव्हती.

सृष्टीनं लिंबाच्या खोडाला मिठी मारली. "नाही बसणार. मेले तरी नाही."

मेले हा शब्द ऐकून बनुबाईंचं तोंड पांढरं पडलं. "असं बोलू नगं बाई. त्यात भ्यायचं काय? ही बघ, मी बसते." आणि त्या खरंच लुगडं सावरून रिकाम्या पारड्यात जाऊन बसल्या. पारडं जमिनीला टेकलं. "हाय का काई? ये आता."

सृष्टीनं डोळे पुसले. रागानं पाय आपटत आली आणि समोरच्या पारड्यात धपकन बसली.

बनुबाई वर गेल्या. सरळ वर, लिंबाच्या पाल्यात. त्यांचे वाळके पाय हवेत लोंबायला लागले, एक चप्पल गळून पडली. हशाचा असा काही लोट उठला की गाभाऱ्यातला गुरव, आसाराम, बाहेर आला. "म्हातारी उडाली!" रंगनाथ पोट धरून हसत होता आणि हसता हसता मोबाईल सरळ धरायचं विसरत नव्हता.

वर बनुबाई हसत नव्हत्या. खाली मान घालून रडणाऱ्या नातीकडे टक लावून बघत होत्या.

"आसाराम," त्या वरूनच म्हणाल्या, "मला खाली घे."

खाली उतरल्यावर त्यांनी आधी पोरीला उठवलं, स्वतःच्या पदरानं तिची मान झाकली. मग ढेपेचा एक खडा फोडला, जेमतेम ओंजळीत मावेल एवढा. तो घेऊन गाभाऱ्यापाशी गेल्या. "आई, तू एवढीच दिली हुतीस. एवढाच तुजा गूळ. बाकीचं अंग मी घातलंया तिच्यावर, तुजं न्हाई ते."

मी हात जोडून उभी होते. आसारामनं ओंजळ घेतली आणि देवीच्या पायाशी ठेवली. "पोचलं, मावशी," तो म्हणाला.

बाहेर लोक विचारत होते, "अन् परसाद? आमी उन्हात उभं कशाला ऱ्हायलो?" मला वाटलं, याच ढेपा एकेकाच्या तोंडात कोंबाव्यात. ढेपा जीपमधून माघारी आल्या आणि वाण्याकडे परत गेल्या.

येताना पाथर्डी फाटा गेल्यावर बनुबाई म्हणाल्या, "वरून मान दिसली पोरीची. समदी सोलून काढलीया मी."

आता वजरी न्हाणीघरातून गेली आहे. बाटल्या-पुड्याही गेल्या, दोनदा भांडण होऊन. संध्याकाळी आजी नातीला मैदानात घेऊन जाते आणि पोरींना दम देते, "घ्या गं हिला लंगडीत, न्हाईतर मीच खेळते." सृष्टीनं एक अट घातली आहे, आजीनं तिच्याबरोबर ताट घेऊन बसायचं. दोघी एकाच वेळी जेवतात. बनुबाईंना अजून ते जमत नाही, अर्ध्यातून वाढायला उठतात. मानेचा काळेपणा तसाच आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, वेळ लागेल.

परवा रंगनाथ आला. मी तिथंच होते. सवयीनं त्याचा हात गालाकडे गेला. "काय भोपळ्या, वाळलीस का गं? म्हातारी खायला घालीना व्हय?"

बनुबाईंनी त्याच्या मनगटावर पळी हाणली. "हात काढ. बाजारातला भोपळा हाय का, दाबून बघायला?"

"अगं काकी, लाडानं..."

"तुजे लाड बघितले मी. लिंबाच्या शेंड्यावरनं बघितले." पेढ्यांचा बॉक्स त्यांनी त्याच्याच पिशवीत घातला आणि पिशवी त्याच्या खांद्याला अडकवली. "तूच खा. तुला कोन पारड्यात बसवतंय?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी मध्ये पडेन म्हणून. मी वाती वळत होते. वळत राहिले.