मधली खुर्ची

कुंदाताई गेल्याचं मला त्यांच्या दारातच कळलं. मी भांडायलाच गेले होते, सकाळपासून फोन का उचलत नाहीत म्हणून. आदर्श नगरातल्या त्या घराबाहेर चपलांचा ढीग दिसला तेव्हा वाटलं, आज वर्ग लवकर भरलाय... मग त्यांच्या मुलाचा चेहरा पाहिला. झोपेतच गेल्या. महिना होत आला, तरी माझा राग ओसरत नाही. असं न सांगता जाणं त्यांना शोभलं नाही.

नवऱ्यांच्या बदल्यांनी आम्हा दोघी सातारकरणींना जयपूरला आणून टाकलं होतं. ताईंनी पुढच्या खोलीत इंग्रजी बोलायला शिकवणारा वर्ग काढला आणि मला मदतीला ओढलं. कॉलेजातल्या मुली, दुकानदार, निवृत्त मास्तर, सगळे एकत्र. लहानाची जोडी नेहमी मोठ्याशी लावायची, हा त्यांचा हट्ट. "बरोबरीच्याशी काय, कोणीही बोलतं!" म्हणायच्या.

त्या हट्टाने एकदा घात केला. जयपूरच्याच झोटवाडा भागातले रामेश्वरजी सून सरोजला घेऊन आले. मुलगा मस्कतला नोकरीला. नातवाच्या शाळाप्रवेशासाठी मुख्याध्यापिका घरच्यांशी इंग्रजीत बोलणार होत्या आणि जायचं होतं या दोघांना. तिथे तोंड उघडलं नाही तर प्रवेश गेलाच. पहिल्याच दिवशी ताईंनी दोघांना समोरासमोर बसवलं. "सरोज, बाबूजी से पूछो, इंग्लिश में. सुबह क्या खाया?"

सरोजने पदर हनुवटीपर्यंत ओढला. सासऱ्यांशी राजकारणावर हुज्जत घालून आलेल्या आम्ही, आम्हाला कळेचना काय चुकलं. रामेश्वरजी उठले. "मैडमजी, हमारे यहाँ बहू ससुर से सीधे बात नहीं करती." आणि सुनेला घेऊन निघून गेले.

ते परत आलेच नाहीत. मुलाखत जवळ येत चालली आणि ताईंना अन्न गोड लागेना. "माझ्या आगाऊपणाने त्या पोराची शाळा बुडणार गं..." शेवटी मला रिक्षात कोंबून त्या झोटवाड्याला गेल्या. रामेश्वरजी अंगणात बसले होते, चेहऱ्यावर नाराजी स्पष्ट. तेवढ्यात दाराआडून सरोज छोट्याला म्हणाली, "दादाजी से कह, चाय बन गई." आजोबांना सगळं ऐकू आलं होतं, तरी नातवाने निरोप पोचवेपर्यंत ते हलले नाहीत. ताईंनी माझा दंड असा दाबला की मी कळवळले. "अगं, यांच्यात मध्ये कोणीतरी लागतं!"

त्यांनी हात जोडले, चूक कबूल केली, तेव्हा कुठे दोघं परत आले. मग दोघांच्या मध्ये एक खुर्ची आणि तिच्यावर मी. सरोज माझ्याकडे बघून प्रश्न विचारायची, रामेश्वरजी माझ्याकडे बघूनच उत्तर द्यायचे. मी म्हणजे इंग्रजी ऐकणारा खांब!

मुलाखतीच्या दिवशी आम्ही दोघी शाळेच्या फाटकाबाहेर उभ्या होतो. "आत तुझी खुर्ची नाहीये," ताई पुटपुटल्या. वेळ जाता जाईना. इतर मुलांचे आईवडील येऊन गेले, हे दोघं बाहेर पडेनात. ताईंनी माझा हात सोडला नाही, बांगड्या रुतल्या तरी.

आत काय झालं ते सरोजने नंतर सांगितलं. मूल रडलं तर त्याला कोण समजावतं, एवढं साधं विचारलं होतं, पण रामेश्वरजींना शब्दच सुचेना. मुख्याध्यापिका वाट बघत राहिल्या. सरोजला उत्तर येत होतं, पण बाबूजी बोलत असताना मध्ये बोलायचं कसं... आणि मग त्यांनी मान वळवली, लग्नानंतर पहिल्यांदाच सरळ तिच्याकडे पाहून म्हणाले, "सरोज, यू टेल."

छोट्याला प्रवेश मिळाला.

ताईंच्या तेराव्याला दोघं आले होते. रामेश्वरजी भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडत होते, पाण्यालाही शिवेनात. मी पेला घेऊन उठले, तर सरोजने तो माझ्या हातून घेतला. "घर में मारवाड़ी में आज भी सीधे नहीं बोलते, आंटीजी. पर अंग्रेज़ी में रोज़ बोलते हैं. बाबूजी कहते हैं, वो मैडमजी की बोली है, उसमें कोई मनाही नहीं."

ती पदर सावरत त्यांच्यापुढे वाकली. "बाबूजी, प्लीज... ड्रिंक सम वॉटर."

त्यांनी पेला घेतला. "थँक यू, बेटा," म्हणाले. इतके दिवस कोरडी राहिलेली मी, तिथेच बसकण मारून हमसाहमशी रडले.