भिंतीत गेलेला दरवाजा

त्या घरातला दरवाजा निवृत्तीनंतरही माझी पाठ सोडत नाही. त्या तपासात पहिली चूक माझीच होती, म्हणून नावं कुणाचीच घेत नाही, पण चूक लपवत नाही.

आचऱ्याकडे माडांच्या बागेत एक सुटं घर होतं. शेजाऱ्याला हाक पोचणार नाही इतकं आत. सत्तरी ओलांडलेली एक विधवा तिथे राहायची, चाकाच्या खुर्चीवर. मुलगी मुंबईत नर्स. आईला सांभाळायला पुतण्या घरात राहत होता. खुर्ची बाहेर काढताना खोलीच्या दाराची फळी आडवी यायची, म्हणून मुलीने जवळच्या कट्टा गावच्या एका म्हाताऱ्या सुताराकडून सरकता दरवाजा करून घेतला. भिंतीला लागून प्लायची दुसरी भिंत उभी केली, मधल्या पोकळीत वरून रूळ टाकला. उघडला की अख्खा दरवाजा भिंतीत जायचा. म्हातारी तो एका हाताने सरकवायची.

एका सकाळी पुतण्या आमच्या पोलीस ठाण्यात आला. कट्ट्याला बाजाराला गेलो होतो, तासाभराने परतलो तर काकी खुर्चीवरून पडून मरण पावलेली, असं त्याने सांगितलं. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली. मी पंचांसमोर पंचनामा लिहिला. खोलीत औषधाची बाटली, मृत बाईच्या हाताशी स्टीलचा चमचा, पाण्याचा तांब्या रिकामा, दरवाजा उघडा. शवविच्छेदनात डोक्याला किरकोळ मार आणि शरीरातलं पाणी फार कमी झाल्याचं आलं. म्हातारं माणूस पाणी कमीच पितं, असं मी स्वतःलाच समजावलं. हाताखाली आणखी चार प्रकरणं होती. ही काही सबब नव्हे.

बाराव्यानंतर दोन दिवसांनी तो सुतार ठाण्यात आला. टोपी हातात घेऊन बाकावर बसला.

"सायबानू, माका खबर देवची आसा. बाराव्याक जेवूक गेललंय. मुलगी म्हणाली, काकानू, तुमचो दरवाजो आडाकता म्हणान चुलतदादान भिंतीतच बंद करून टाकल्यान. माजो दरवाजो आडाकणा नाय."

"मग?"

"बगलंय तर भिंतीच्या तोंडार पट्टी मारलेली. पट्टीचे स्क्रू लोखंडाचे, दहा दिवसांत रंगावर तांबडे ओघळ इलेले. मी पितळेचेच लायतंय. खाऱ्या वाऱ्यार लोखंड लावणारो सुतार हंय नाय. ह्या काम घायघायत कोणी तरी केल्यान. कशाक?"

सुतार कुणाच्याही घरी जेवायला गेला तरी आधी आपली चौकट बघतो. पोलिसाने तेवढंही केलं नव्हतं. मी पंच आणि फोटोग्राफर घेऊन, त्या सुतारालाच बरोबर नेऊन पट्टी काढायला लावली. त्याने दरवाजा भिंतीतून ओढून बाहेर आणला.

आतल्या अंगाला, ओढायच्या कडीभोवती, खुर्चीत बसलेल्या माणसाचा हात पोचेल तेवढ्या उंचीवर ओरखडे होते. रंग जाऊन लाकूड दिसत होतं. त्याखाली बराच भाग कोरा, आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर पुन्हा ओरखडे. तिथले जास्त खोल होते. जप्त केलेल्या चमच्याची कड झिजून वाकली होती, ती त्या खाचांत बसली.

म्हणजे बाई पडल्यावर लगेच गेली नव्हती. जमिनीवरून ती दार उघडायला धडपडत होती, आणि दार बंद होतं. सुताराने टोपी काढली.

पुतण्याला ठाण्यात आणलं. मी त्याच्यापुढे चहा ठेवला. कट्ट्याच्या बाजाराची हकिकत त्याने शुद्ध मराठीत, कोणत्या दुकानात काय घेतलं इथपर्यंत सांगितली. इतकं आठवणारा माणूस बहुतेक पाठ करून आलेला असतो. मी दरवाजाचा फोटो टेबलावर ठेवला. तो त्याने बघितला, आणि त्याची भाषा बदलली.

"ती खुर्ची घेवन भायर जाय, पायरीर पडात म्हणान फटीत पाचर मारी होतंय. रोजचाच होता ता. त्या टायमाक गोव्याक गेलंय. एका दिवसात येतलंय म्हटलंय."

"किती दिवसांनी आलास?"

"तिसऱ्या दिवसा."

परत आल्यावर त्याने पाचर काढली, ओरखडे दिसू नयेत म्हणून दरवाजा भिंतीत सारला आणि मग ठाण्याकडे निघाला. दरवाजा काढून टाकायचा तर सुताराला बोलवावं लागलं असतं, म्हणून अंत्यविधीनंतर वर पट्टी मारली. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही. आम्ही दरवाजाच मुद्देमालात घेतला, गोव्यातल्या लॉजची नोंद मिळवली. सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली.

निकालाच्या दिवशी मुलगी ओरोसला कोर्टाबाहेर भेटली. म्हणाली, "दरवाजो मीच करूक सांगललंय, साहेब. आईक घरात मोकळा फिराक मिळात म्हणान." मी तिला दोष तुझा नाही म्हटलं. तिला ते पटलं नाही, आणि दोष कुणाचा हे पुढे सांगायची माझी छाती झाली नाही.

त्यानंतर माझ्या हाताखालच्या प्रत्येक पोराला मी एकच शिकवलं. पंचनाम्यावर सही करण्याआधी घरातलं प्रत्येक दार स्वतःच्या हाताने बंद करून बघा. पोरं हसायची, साहेबांना खूळ आहे म्हणायची. मी कारण कधी सांगितलं नाही. त्या प्रकरणाच्या कागदात पहिला पंचनामा अजून असेल. त्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, 'खोलीचा दरवाजा उघडा', आणि खाली माझी सही.