उस्तादांना न आलेला आवाज

उस्ताद गाडीत बसले की कुणी बोलायचं नाही, असा नियम होता. बॉनेट उघडायचं ते नंतर. आधी ते चालवणाऱ्याच्या शेजारी बसत, काच खाली करत, डोळे मिटत आणि म्हणत, "चला. तीसवर ठेवा." मग चाळीस, मग पन्नास. एक वळण डावीकडं, एक उजवीकडं. परत आल्यावर उतरता उतरता सांगत, "पुढचं डावं चाक. बाहेरचं बेरिंग." चाक उघडलं की तेच निघायचं. माझा नवरा सुधीर गाडी चालवताना गुणगुणायचा. त्याला त्यांनी पहिल्याच दिवशी गप्प केलं होतं. "साहेब, गाणं नंतर म्हणा. आधी हिचं ऐकू द्या."

ही म्हणजे आमची गाडी. परदेशी बनावटीची जुनी स्पोर्ट्स कार. दोनच माणसांची, कापडी छताची, आणि इतकी बुटकी की बसल्यावर हात बाहेर काढला तर रस्त्याला लागेल असं वाटावं. सुधीर वाळूजच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. त्यानं ती मुंबईच्या भंगारातून टेम्पोत घालून आणली, तेव्हा मी आठवडाभर त्याच्याशी नीट बोलले नाही. शहरातल्या तीन गॅरेजवाल्यांनी तिच्यापुढं हात टेकले. चौथे उस्ताद. स्टेशन रोडच्या आतल्या गल्लीत त्यांची पत्र्याची शेड होती. त्यांचं खरं नाव रहीम, पण त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. गाडीभोवती एक चक्कर मारून ते म्हणाले, "लई दिवसांत हिला कुणी हात लावला नाय. वेळ लागंल." चार वर्षं लागली, दर रविवारची.

बेरिंगमध्ये ग्रीस भरायचं काम ते दुसऱ्या कुणाला देत नसत. डाव्या तळव्यावर ग्रीसचा गोळा घ्यायचा, उजव्या हातानं बेरिंग त्यावर दाबत दाबत फिरवायचं, दुसऱ्या बाजूनं ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत. काढलेलं जुनं ग्रीस ते अंगठा आणि बोटात चोळून बघत. त्यात बारीक चुरा लागला की म्हणत, "पोलाद झिजून आलंय यात," आणि सुधीरचा हात पुढं ओढून त्याच्या बोटांवर ते फासत. मी डबा घेऊन गेले तर माझ्याही. जेवणाआधी आम्ही तिघं एकाच साबणाच्या वडीनं हात धुवायचो आणि तरी पोळीला ग्रीसचा वास यायचा.

गाडी चालू झाल्यावर सुधीरला ती जेमतेम दोन वर्षं लाभली. एका सकाळी कामावर जायला निघताना तो जिन्यातच बसला, तो उठलाच नाही. गाडीवर मी ताडपत्री टाकली. वर्ष होत आलं असेल, तेव्हा उस्ताद घरी आले. पाणी प्यायले, सुधीरच्या फोटोकडं बघत थोडा वेळ बसले. मग म्हणाले, "भाभी, गाडी उभी ठेवू नका. उभ्या गाडीचं बेरिंग गंजतं."

"मला ती चालवता येत नाही, उस्ताद."

"येईल."

पन्नाशीच्या बाईला छावणीच्या मोकळ्या मैदानावर त्यांनी त्या गाडीचा क्लच शिकवला. एकदाही आवाज चढवला नाही. मी गिअर चुकवला की ते खिडकीबाहेर बघत बसायचे, जणू ऐकलंच नाही. एकदा मैदानाच्या मधोमध मी गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. ते उतरले, पुढं जाऊन उगाच चाकाजवळ बसून राहिले आणि माझं रडणं संपल्यावरच परत आले. "चला, परत पहिल्यापासून," म्हणाले. सुधीर गेल्यानंतरचं माझं बाहेर पडणं त्या मैदानावरून सुरू झालं.

पाच-सहा वर्षं अशीच गेली. मी ती गाडी घेऊन भावाकडं वैजापूरला जाऊ लागले. एका पावसाळ्यानंतर पुढून घुमल्यासारखा आवाज येऊ लागला. वेग वाढला की वाढायचा, उजवीकडं वळलं की आणखी. मी गाडी उस्तादांकडं नेली. ते नेहमीसारखे शेजारी बसले, डोळे मिटले. मी तीस, चाळीस, पन्नास केलं. परत आल्यावर ते म्हणाले, "काही नाय भाभी. टायर आवाज करतोय. चालवा बिनधास्त."

मला तो आवाज स्पष्ट येत होता. पण उस्ताद सांगतायत म्हटल्यावर मी स्वतःच्या कानावर विश्वास ठेवला नाही. आता आठवतं की त्या वर्षभरात त्यांच्या शेडमधला रेडिओ फार मोठ्यानं लागलेला असायचा. चहा घेणार का विचारलं तर ते गाडीबद्दल काहीतरी सांगायचे. तेव्हा मी हसून सोडून द्यायचे.

दीड महिन्यानं वैजापूरला जाताना लासूर स्टेशनच्या अलीकडं स्टिअरिंग थरथरायला लागलं. मग दगड दळावेत तसा आवाज, आणि पुढच्या डाव्या चाकातून धूर. मागून ट्रक येत होता. मी कशीबशी गाडी कडेला घेतली. चाक वाकडं झालं होतं. आणखी थोडं गेले असते तर निखळलंच असतं. मी उस्तादांना फोन लावला. ते नुसतंच "हॅलो, हॅलो, कोण बोलतंय?" म्हणत राहिले. शेवटी त्यांच्या मुलीला, नसरीनला लावला. ती शाळेत शिकवते. अर्धी रजा टाकून ती अब्बांना टेम्पोतून घेऊन आली.

उस्तादांनी चाक काढलं. बेरिंगचे रोलर निळे पडले होते, ग्रीस जळून डांबरासारखं झालं होतं. ते तिथंच मातीत बसले. मग माझ्या तोंडाकडं नीट बघत विचारलं, "किती दिवस आवाज होता?"

"दीड महिना," मी म्हणाले. त्यांना कळलं नाही. नसरीननं बोटांनी खूण करून सांगितलं.

"म्हणजे मी बसलो तेव्हाबी होता."

मी मान डोलावली.

"मला नाय आला," ते म्हणाले. नसरीन पाठ फिरवून रस्त्याकडं बघत उभी राहिली. तिला माहीत होतं. त्यांनाही माहीत असणार. पण हे वाक्य त्यांच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर आलं.

ती गाडी त्यांनी दुरुस्त केली. चारही चाकांची बेरिंगं बदलली. डाव्या चाकाचा एक्सल बेरिंग बसतं तिथं खरवडला गेला होता आणि तसला नवा मिळण्यासारखा नव्हता. तो त्यांनी वेल्डिंगनं भरून, लेथवर घासून घेतला. गाडी ताब्यात देताना म्हणाले, "भाभी, हा एक्सल आता पहिल्यासारखा नाय. दर सहा महिन्यांनी चाक उघडून बघायचं. उद्या दुसरं कुणी चालवंल, त्यालाबी हे सांगायचं. माझ्या चुकीनं झालंय हेबी सांगायचं."

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला नसरीनकडून कळलं. मागच्या वर्षभरात ज्यांच्या ज्यांच्या गाड्या त्यांनी कानानं पास केल्या होत्या, त्या सगळ्यांच्या घरी ते नसरीनच्या स्कूटीवर मागं बसून गेले. बजाजनगरपासून हर्सूलपर्यंत, शहराच्या दोन्ही टोकांना. दारात उभं राहून सांगायचे, "मला ऐकू येत नाय. तुमची गाडी दुसऱ्याला दाखवा." बरेच जण घरात बोलावून चहा द्यायचे. एकानं मात्र बायको-पोरांदेखत वाट्टेल ते सुनावलं. नसरीन म्हणाली, "काकू, अब्बांना शब्द कळत नव्हते, पण तोंड दिसत होतं. ते शेवटपर्यंत उभे राहिले." शाळेची मुलं नेणाऱ्या एका व्हॅनचं मागचं बेरिंग खरोखरच गेलेलं निघालं. त्या रात्री ते जेवले नाहीत. सगळी घरं झाल्यावर त्यांनी शेड बंद केली.

कानाचं मशीन त्यांनी लावून बघितलं. "सगळंच मोठं येतं," म्हणाले, "वेगळं काही कळत नाय." आणि काढून ठेवलं.

पुढं माझे गुडघे गेले, तो जड क्लच दाबवेना. वैजापूरच्या कांद्याच्या एका व्यापाऱ्यानं हौसेनं गाडी घेतली. तो इतका खूश होता, मी इतकी उदास होते. एक्सलचं सांगायचं राहून गेलं. राहून गेलं असं मी म्हणते. खरं म्हणजे ओठांवर आलं होतं, पण तो मन बदलेल अशी भीती वाटली.

या हिवाळ्यात उस्ताद आजारी असल्याचं कळलं म्हणून भेटायला गेले. फार वाळले होते. आता त्यांच्याशी कागदावर लिहूनच बोलावं लागे. त्यांनी गाडीचं विचारलं. मी लिहिलं, "विकली." ते वाचून त्यांनी कागद मांडीवर ठेवला.

"एक्सलचं सांगितलं ना त्याला?"

मी पेन हातात धरून बसले. मग लिहिलं, "हो."

त्यांनी तो कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "साहेबांनीबी हेच केलं असतं."

आठवड्याभरानं ते गेले. घरापुढं ओळखीची खूप माणसं जमली होती. त्यांतल्या कितीजणांच्या दारात ते तसे उभे राहिले असतील, असं मनात येत राहिलं. नसरीनच्या गळ्यात पडून मी रडले, तेव्हा तिला वाटलं मी नुसती दुःखानं रडतेय.

दोन आठवड्यांनी मी बसनं वैजापूरला गेले. त्या व्यापाऱ्याच्या आडतीवर त्याच्यासमोर बसून सगळं सांगितलं. एक्सलचं, उस्तादांच्या चुकीचं आणि माझ्या गप्प राहण्याचं. तो रागावला. मग त्यानं मेकॅनिकला बोलावून माझ्यादेखत चाक उघडलं. एक्सल शाबूत होता. नवं ग्रीस भरून, चाक बसवून होईपर्यंत मी तिथंच थांबले. दर सहा महिन्यांनी बघायचं, हे त्यानं मेकॅनिकला मोबाइलमध्ये लिहून ठेवायला लावलं.

परतीच्या बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली. मी लिहून दिलेलं ते "हो" आता खरं झालं होतं. बावीस दिवस उशिरा.