आधी दर्या, मग तुमचं

“हंय नको गो. गिऱ्हायकां उभी आसत. वास येता.”

हे मला भाऊंची सून म्हणाली. भाऊ म्हणजे आमच्या गावचे मानकरी. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा, आणि किनाऱ्यावरच्या पर्यटकांच्या खोल्याही त्यांच्याच. त्या खोल्यांच्या अंगणात निळ्या दाराचं शौचालय आहे. दारावर लिहिलंय, ‘सार्वजनिक. महिलांसाठी.’ दाराला कुलूप असतं. किल्ली सुनेकडे.

मी पहाटेपासून बंदरावर होते. पहाटे मासळीचा लिलाव होतो. आम्ही बायका पाट्या घेतो आणि दुपारपर्यंत तिथेच विकायला बसतो. त्या दिवशी पोटात कळ येत होती. साबणाने हात धुवून, पदर नीट करून मी गेले होते. मी विचारलं, “ह्यां आमच्यासाठी बांधलेलां ना?”

ती हसली. “तुका कोणी सांगितलां?” मग माझ्यामागे उभ्या असलेल्या शहरातल्या बाईला शुद्ध मराठीत म्हणाली, “तुम्ही जा ताई. ह्या बाहेरच्या आहेत.”

बाहेरची. मी ह्याच वाडीत जन्मले. ह्याच वाडीत मला दिली. तिला ह्या गावात येऊन चार वर्षं झाली.

पूर्वी आम्ही सुरूच्या बनात जायचो. आता बनाला तारेचं कुंपण आहे, आत पर्यटकांसाठी झोपाळे. होड्यांच्या आडोशाला जावं तर तिथे जाळी विणणारे पुरुष. मी सरळ पाण्यात गेले. कमरेपर्यंत. साडीसकट. हातात रिकामी पाटी धरली, म्हणजे लोकांना वाटावं, पाटी धुते.

मुलीचं लग्न करून दिलेली बाई मी. समुद्रात उभी राहून मुतले.

वर आले तेव्हा चंदा वयनीने विचारलं, “न्हालंस काय गो?” चंदा वयनी बंदरावर माझ्या शेजारी बसते. मी म्हटलं, “व्हय. उकडत होतां.”

ते शौचालय माझ्याच तोंडून मागितलं गेलं होतं. ते आठवलं की जास्त लागतं.

आमच्याकडे निवडणूक आली की उमेदवार देवळात येतो. वाडी आपले प्रश्न सांगते. भाऊ ते कागदावर लिहितात. मग नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, आणि प्रत्येक वाक्याला सगळी वाडी म्हणते, “व्हय म्हाराजा!” एकदा व्हय म्हटलं की मत बांधलं गेलं. ते मोडायची कोणाची छाती नाही. कोणता प्रश्न मोठा, कोणता लहान, हे त्या कागदावर ठरतं. कागद भाऊंच्या हातात.

गेल्या निवडणुकीला भाऊ म्हणाले होते, “बायलांचां काय आसात तर सांगा.” बायकांनी मला पुढे ढकललं. मला लिहिता-वाचता येतं म्हणून. नाहीतर मी अनोळखी माणूस दिसला तर वाट बदलणारी. मी खाली मान घालून सांगितलं, बंदरावर बायकांना शौचालय नाही. भाऊंनी लिहून घेतलं. मला इतका आनंद झाला की मी दारोदार फिरले. चंदा वयनी बरोबर होती. “ह्या खेपेक आमचां यादीत आसा,” मी प्रत्येक दारात सांगत होते. बायकांनी माझ्या शब्दावर शब्द दिला.

ते बांधलं गेलं. बंदरावर नाही, भाऊंच्या अंगणात. “पाण्याची सोय थंयच आसा,” भाऊ म्हणाले. उद्घाटनाला आम्हाला बोलावलं. निवडून आलेल्या साहेबांना आमच्याकडून ओवाळून घेतलं. फोटो काढले. दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप.

आणि मी गप्प राहिले. इतकी वर्षं. हेही लिहायला हवं. त्या बायकांना माझ्याच शब्दाने फसवलं गेलं आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळत मासे विकत राहिले.

परवा परत सभा झाली. तेच देऊळ, तोच उमेदवार. भाऊंनी लिहायला घेतलं. पहिलं, देवळाची कमान. दुसरं, क्रिकेटच्या मैदानाला दिवे. तिसरं, दर्यात प्रकाश टाकून सगळी मासळी ओढून नेणाऱ्या मोठ्या बोटी बंद करणं. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“झाला? का आणखी काय?”

मी उभी राहिले.

“बंदरावर बायलांका मुतूक जागा नाय. गेल्या खेपेक मागितलेली ती तुमच्या अंगणात गेली.”

भाऊ हळू आवाजात बोलले. “देवळात उभी रवान काय बोलतंस, कळता तुका? चौथी शिकललां माणूस तू. हयसर राज्याचे विषय चललेत, मुतण्याचे न्हय.”

मागून कोणीतरी ओरडलं, “दर्या केवढो मोठो पडललो आसा गो बाय!”

म्हणजे त्या दिवशी कोणीतरी बघितलं होतं. बघून सगळ्यांना सांगितलंही होतं. कारण सगळे हसले. एकदम, एका दमात, ठरवल्यासारखे हसले. माझा नवरा पायाच्या बोटांकडे बघत होता. चंदा वयनीने माझा पदर ओढला. “बस गो. लाज काढतंस आमची.” तिला मागच्या महिन्यात लघवीच्या जळजळीनेच तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लावलं होतं. तिच्या उशाशी मी बसले होते. डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या होत्या, पाणी पीत जा. ती म्हणाली होती, पिऊन जाऊ कुठे?

मी उमेदवाराकडे बघितलं. मला वाटलं, हा तरी काही बोलेल. ह्याला मी ओवाळलं होतं.

तोही हसत होता. रुमाल तोंडावर धरून.

गाऱ्हाणं सुरू झालं. भाऊंचा आवाज मोठा. “बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां आज तुझ्या पायाकडे इली आसत!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या वाडीचां एकूण एक मत ह्या तुझ्या लेकराच्या पदरात पडांदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मी दात दाबून धरले. लहानपणापासून हे दोन शब्द आपोआप तोंडातून येतात. ते आत अडवायला जोर लागतो, हे मला तेव्हा कळलं. मी पहिल्याच रांगेत होते. भाऊ थांबले.

“तुझो आवाज नाय इलो.”

“नाय.”

“देवाच्या पुढ्यात हट करतंस?”

“हट नाय. व्हय म्हटलां तर माका ता पाळूचां लागात. मी पाळूचंय नाय.”

ह्यावर कोणी हसलं नाही.

घरी आल्यावर नवरा जेवताना म्हणाला, “खरां सांगू? तुझां बरोबर आसा. पण आधी दर्या. दर्यात मासळी रवली तर तू इकतलंस. मगे तुमचां.”

तो वाईट माणूस नाही. होडी रिकामी घेऊन येतो तेव्हा त्याचं तोंड मला बघवत नाही. त्या बोटींचा प्रश्न मोठा आहे. माझंही पोट त्यावरच आहे. म्हणून मीही आजवर हेच म्हणत आले, आधी दर्या. पण बोटींचा प्रश्न मागच्या कागदावरही होता. सगळ्यात वर होता. बोटी बंद झाल्या का? वाढल्या. पुरुषांचं मोठं झालं नाही आणि आमचं लहान चोरीला गेलं.

मी नवऱ्याला म्हटलं, “जेका चार भिंती आमच्या जाग्यार उभ्या करूक जमाक नाय, तो तुमच्यासाठी बोटवाल्यांच्या आड उभो रवतलो?”

तो ताटातला बांगडा अर्धा टाकून उठला.

रविवारी दुसऱ्या पक्षाचा उमेदवार शाळेच्या पडवीत येणार आहे. बायकांना बोलावणं नाही. मी जाणार. कमानीचं तो बोलेल, ते सोडून देईन. बोटींचं बोलेल, ते नीट ऐकीन. मग उभी राहीन आणि बंदरावरचं सांगीन. देवळात वापरला तोच शब्द वापरीन, दुसरा शोधणार नाही. चंदा वयनीने यावं असं वाटतं. तिची वाट मात्र बघणार नाही.

लोक हसतील. हसू देत. मी लोकांकडे बघणार नाही, त्याच्या तोंडाकडे बघेन. तो हसला तर माझं मत त्यालाही नाही. तिसरा आला तर तिसऱ्याला विचारीन. कोणीच उरला नाही तर मशीनवर सगळ्यात खाली एक बटण असतं, कोणालाच मत नाही म्हणून सांगायचं. ते दाबीन. आणि बाहेर आल्यावर भाऊंनी विचारलं, तर त्यांच्या तोंडावर सांगीन.