शुक्रवारच्या पत्रातली घोडी, म्हैस आणि इतर जाहिराती

आमच्याकडे छोट्या जाहिरातीला वीस शब्दांची मर्यादा आहे. पण आमच्या भागात वीस शब्दांत बोलणं संपवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. फोनवर लोक दोनशे शब्द सांगतात, वीस जाहिरातीत जातात आणि बाकीचे माझ्याकडे साठत राहतात.

शहाद्यात एका स्टेशनरीच्या दुकानावर आमची खोली आहे. तिथून दर शुक्रवारी सकाळी आम्ही ईमेलने एक पत्र पाठवतो. गावाकडच्या बातम्या, शेतीची माहिती आणि शेवटी छोट्या जाहिराती. ते इथल्या घराघरात जातं, तसंच सुरत, नाशिक, पुण्याला गेलेल्या आपल्या माणसांनाही जातं. त्याला नीट नाव आहे, पण सगळे ‘शुक्रवारचं पत्र’च म्हणतात. संपादक आहेत आमचे सर. भूगोल शिकवून निवृत्त झाले, पण शुद्धलेखनातून अजून व्हायचेत. पत्र पाठवायचं तांत्रिक काम रोशन पावरा बघतो. धडगावकडचा, कमी बोलणारा माणूस. जाहिराती मिळवणं आणि लिहिणं माझ्याकडे.

०

सुरुवातीला मी बसस्टँडजवळच्या भजीवाल्या काकांकडे जाहिरात मागायला गेले. काका भजी तळता तळता ऐकत होते. सगळं ऐकून म्हणाले, “ताई, पेपरमध्ये जाहिरात दिली तर निदान त्या पेपरात मला भजी बांधता येतात. तुमच्या ईमेलात काय बांधू?”

मी हटले नाही. शेवटी एक युक्ती ठरली. शुक्रवारी जो कोणी मोबाईलवर आमचं पत्र दाखवेल, त्याला एक प्लेट भजी फुकट. म्हणजे पत्र किती लोक वाचतात ते काकांना आपोआप कळणार.

महिन्याने मी विचारायला गेले. “काय काका, गिऱ्हाईक वाढलं का?”

“वाढलं ना.”

“किती?”

“एक. चारही शुक्रवारी आला, न चुकता.” काकांनी झारा निथळवला. “तुमचे सर.”

०

सरांचं म्हणणं असं की जाहिरात असली तरी भाषा प्रमाण हवी. एकदा तळोद्याकडच्या एका बाईंनी म्हशीची जाहिरात सांगितली. “मन्ही म्हैस इकनी शे. दूध भलतं देस. नाव चंद्री. हाक मारी का पयत येस.”

सरांनी ते कागदावर घेतलं आणि शुक्रवारी छापून आलं : ‘सुस्वभावी म्हैस विकणे आहे. विपुल दुग्धोत्पादन. आज्ञाधारक.’

एकही फोन आला नाही. बाईंचा मात्र मला आला. “ताई, ती मन्ही म्हैस नही शे. ती कोनी तरी मास्तरीन शे.”

पुढच्या शुक्रवारी सर लग्नाला गेले होते. मी जाहिरात बाईंच्या शब्दांत, चंद्रीच्या नावासकट, जशीच्या तशी लावली. दुपारपर्यंत बाईंचा फोन तापला. निम्मे फोन तर पुण्या-सुरतेचे. तिथे फ्लॅटच्या तिसऱ्या मजल्यावर म्हैस कोण घेणार? त्यांना फक्त कोणीतरी घरच्या बोलीत चार वाक्यं बोलायला हवं होतं. चंद्री दोन दिवसांत विकली गेली. तरी लोक फोन करून बाईंना विचारत राहिले, “चंद्री कशी शे?”

सरांना हे कळलं तेव्हा ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, “बाकी पत्रात शुद्धलेखन पाळू. गुरांना सूट देऊ.”

०

सुरतेला एक आप्पा राहतात. कापडाच्या मिलमधून निवृत्त. रोशनने पत्रात अशी सोय केली होती की प्रत्येकाला स्वतःच्या नावाने नमस्कार जाईल. ‘नमस्कार आप्पासाहेब’ असं वाचल्यावर आप्पांची समजूत झाली, की हे पत्र त्यांना एकट्यालाच लिहिलेलं आहे आणि खालच्या वस्तूही त्यांनाच विचारल्या आहेत.

मग दर शनिवारी त्यांचं उत्तर यायचं. क्रमाने, एकेका जाहिरातीला. ‘फ्रिज नको, घरात चांगला चालू आहे. प्लॉटबद्दल मुलाशी बोललो, सध्या विचार नाही. शिवणयंत्राबद्दल सूनबाई विचार करत आहेत, दोन दिवस द्यावेत. वधू पाहिजे याबाबत : नात अजून नववीत आहे. राग मानू नये.’

त्यांना खरं सांगायचं असं मी दर आठवड्याला ठरवायचे आणि दर आठवड्याला टाळायचे. एवढ्या मायेने नकार देणारं गिऱ्हाईक कोण गमावेल?

एका शनिवारी उत्तर आलं नाही. पुढच्याही शनिवारी नाही. माझं कामात लक्ष लागेना. शेवटी नंबर शोधून मी सुरतेला फोन लावला. सूनबाईंनी उचलला.

“आप्पा बरे आहेत ना?” मी चाचरत विचारलं.

“अगदी बरे आहेत. चिंचपाड्याला मुलीकडे गेलेत. पण त्यांनी तुम्हाला अर्ज पाठवला होता ना?”

मी स्पॅम उघडून बघितलं. होता. ‘विषय : रजेबाबत. सोमवारपासून दोन आठवडे मी लेकीकडे जात आहे. तिथे नेटवर्कचा भरवसा नाही. सबब जाहिरातींना उत्तरे देता येणार नाहीत. रजा मंजूर व्हावी, ही विनंती.’

मी सरांकडून ‘मंजूर’ लिहून घेतलं आणि त्यांच्या सहीनिशी पाठवून दिलं.

०

सारंगखेड्याच्या घोडेबाजाराआधी दरवर्षी घोड्यांच्या जाहिराती वाढतात. त्यात एका बाबांची घोडी होती. पहिल्या आठवड्याची जाहिरात : ‘पांढरी घोडी विकणे आहे. शांत. लहान मुलंही बसतात.’

दुसऱ्या आठवड्यात बाबांचा फोन. “ते ‘शांत’ काढी टाक.”

तिसऱ्या आठवड्यात म्हणाले, “लिख, नवा मानूसले चावस.”

चौथ्या आठवड्यात घोडी लंगडायला लागली. पाचव्यात तिला रात्रीचं दिसेनासं झालं. मला त्या घोडीची काळजी वाटायला लागली. बाजाराच्या दिवसांत मी त्या बाजूला गेले होते, तेव्हा मुद्दाम बाबांच्या घरी डोकावले. घोडी अंगणात उभी. दुधासारखी पांढरी, आयाळ विंचरलेली. शेजारची दोन पोरं तिच्या पाठीवर बसून शेंगा खात होती.

“बाबा, ही लंगडी?”

बाबा ओशाळले. मग मागच्या खोलीकडे बघून हळू आवाजात म्हणाले, “पोऱ्यानं सांगं इका म्हनीसन. म्हनं जाहिरात द्या. मग दिधी.”

“मग विकायची आहे की नाही?”

“इकनी शे ना,” बाबा तिच्या मानेवर हात ठेवून म्हणाले. “पन कोनी ली जावाले नको.”

०

रोशनच्या हातून एवढ्या वर्षांत एकच चूक झाली. सरांचा अग्रलेख आला होता, तो संपतच नव्हता. जाहिरातींना जागा उरेना. मी रोशनला लिहून विचारलं, ‘सरांचा लेख फार लांब झालाय. त्यांना न सांगता कापू या का?’

विषयाच्या जागी नेमकं हेच वाक्य चिकटलं आणि पत्र सगळीकडे गेलं. सरांनाही.

आम्ही दोघं खाली मान घालून बसलो. सर जिना चढून आले, खुर्चीत टेकले. एवढ्यात लोकांची उत्तरं यायला लागली. आजवर ज्यांनी पत्र उघडलंही नव्हतं, त्यांनी उघडलं होतं आणि लेख शेवटपर्यंत वाचला होता. कुठे कापला ते शोधायला.

सरांनी सगळी उत्तरं वाचली. म्हणाले, “वाक्यरचना बरी आहे. पुढच्या लेखालाही असाच विषय द्या.”

०

आता नामदेवकाकांचं सांगते. माझ्या माहेराशेजारच्या गावातले दोन भाऊ. थोरले भिकनदादा, धाकटे नामदेवकाका. वडील गेल्यावर शेत वाटलं गेलं. नेमकं बांधावर आंब्याचं झाड, आईने लावलेलं. ते कोणाचं यावरून बिनसलं. नऊ वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. एकाच्या घरचं लग्न झालं, दुसरा आला नाही. शुक्रवारचं पत्र मात्र दोन्ही घरी जातं.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर भिकनदादांचा फोन आला. “बेटी, जाहिरात लिख. बांधवरलं आंबानं झाड तोडनं शे. लाकूड इकनं शे.”

मला वाईट वाटलं. त्या झाडाच्या कैऱ्या मीही खाल्ल्या होत्या. म्हटलं, “दादा, नक्की का?” ते म्हणाले, “लिख.” मी लावली.

पुढच्या बुधवारी नामदेवकाकांचा फोन. “आंबानं लाकूड लेनं शे. लिख.”

“किती पाहिजे, काका?”

“बठ्ठं. पुरं झाड. पन एक अट लिख. झाड उभं पाहिजे.”

शुक्रवारी तसंच गेलं : ‘आंब्याचे लाकूड विकत घेणे आहे. अट : झाड उभे असावे.’ सरांनी दोनदा वाचलं आणि जसंच्या तसं पुढे सरकवलं.

दोन आठवडे काही नाही. मग भिकनदादांचा फोन. म्हणाले, “ती लाकूडनी जाहिरात काढी टाक. नवी लिख. कैऱ्या उताराले मानूस पाहिजे.”

“आणखी काही?”

“लिख, धाकला व्हई ते बरं.”

मी लिहिलं : ‘कैऱ्या उतरवण्यासाठी माणूस पाहिजे. धाकट्यास प्राधान्य.’ सर म्हणाले, “कोणापेक्षा धाकट्यास? वाक्य अपुरं आहे.” मी म्हटलं, राहू द्या. त्यांनी राहू दिलं.

रविवारी सकाळी नामदेवकाकांचा फोन आला. वाऱ्याचा आवाज होता, पानांचा होता.

“बेटी, ती कैऱ्यासनी जाहिरात आते बंद कर. जागा भराई गई.”

आणि खालून कुठूनतरी भिकनदादा बोलत होते, “नाम्या, फोन ठेव आधी. दोन्ही हातनी फांदी धर.”